छातीत दुखत नाही, पण मधुमेह आहे: टीएमटी करून घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे, कराडला असतात, मधुमेह १२ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, शिवाय रक्तदाबाची एक गोळी. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) ७.४. त्रास काही नाही. त्यांच्याच वयाच्या एका मधुमेही शेजाऱ्यांना छातीत अजिबात न दुखता हार्ट अटॅक आला आणि तेव्हापासून घरात धास्ती आहे. मुलीने पुण्यातल्या एका तपासणी पॅकेजची चौकशी केली आहे: टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या वाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणं) आणि हवी असल्यास सीटी अँजिओग्राफी. हे करून घ्यावं का, आणि दरवर्षी करावं का?

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. ज्याला खरंच काही त्रास नाही आणि ज्याचा साधा ईसीजी ठीक आहे, अशा मधुमेही माणसाची सरसकट टीएमटी किंवा सीटी अँजिओग्राफी करू नये. दरवर्षी तर नाहीच. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही बरीच वर्षं हेच सांगते आहे: धोक्याच्या बाकीच्या गोष्टींवर उपचार नीट चालू असतील, तर लक्षणं नसलेल्यांची अशी तपासणी करून त्यांचं आयुष्य वाढत नाही. मात्र ‘त्रास काही नाही’ हे आधी तपासून घ्यावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी घाई होते ती तिथेच.

तुमची भीती खोटी नाही. युकेपीडीएस हा ब्रिटनमधला मोठा अभ्यास नुकतंच निदान झालेल्या मधुमेहींवर झाला होता. त्यांच्या सुरुवातीच्या ईसीजींची पुढे छाननी झाली, तेव्हा साधारण सहापैकी एकाच्या आलेखात आधीच होऊन गेलेल्या, कळून न आलेल्या अटॅकच्या खुणा होत्या. म्हणजे मधुमेह आहे हे समजण्याआधीच हृदयाला इजा झालेली. शिवाय आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना जवळपास ५९व्या. आणि मधुमेहींची संख्या पाहा: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोक मधुमेही आहेत आणि प्रमाणात गोवा सगळ्या राज्यांत वर आहे, २६.४ टक्के.

मग इतका धोका असताना शोधायचं का नाही? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. त्यासाठी अमेरिका आणि कॅनडातल्या १४ केंद्रांनी मिळून ‘डायड’ नावाचा अभ्यास केला. ५० ते ७५ वयाचे, हृदयाची कसलीही तक्रार नसलेले ११२३ मधुमेही घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचं न्यूक्लिअर स्ट्रेस स्कॅन (हृदयावर ताण आणून त्याचा रक्तपुरवठा पाहणारी तपासणी) केलं, दुसऱ्याचं काहीच केलं नाही. स्कॅन केलेल्यांपैकी २२ टक्क्यांमध्ये काही ना काही दोष निघाला. इथवर बघितलं तर कोणीही म्हणेल, बघा, शोधलं म्हणून सापडलं. पण २००९ साली पाच वर्षांच्या आसपासचा निकाल आला तेव्हा स्कॅन झालेल्या गटात अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू २.७ टक्के होते आणि न झालेल्या गटात ३ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यात जमा.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पहिल्या स्कॅनमध्ये रक्तपुरवठा कमी दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं तीन वर्षांनी पुन्हा स्कॅन केलं. त्यातल्या ७९ टक्के लोकांचा दोष दुसऱ्या वेळी दिसेना. स्टेंट नाही, बायपास नाही. मधल्या काळात या मंडळींच्या स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी), अ‍ॅस्पिरिन आणि एसीई इन्हिबिटर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्या होत्या, इतकंच. सगळं श्रेय गोळ्यांनाच द्यावं असं मी म्हणणार नाही, तपासणीतही चढउतार असतो. पण ‘एकदा ब्लॉकेज निघालं म्हणजे ते उघडायलाच हवं’ या समजुतीला हा आकडा चांगलाच धक्का देतो.

लोकांना सीटी अँजिओग्राफी जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात रक्तवाहिन्याच डोळ्यांना दिसतात. तीही करून झाली. अमेरिकेतल्या युटामध्ये ९०० मधुमेहींवर फॅक्टर-६४ हा अभ्यास झाला, निकाल २०१४चा. चार वर्षांत गंभीर घटना सीटी झालेल्यांत ६.२ टक्के, न झालेल्यांत ७.६ टक्के. आकडा किंचित कमी आहे, पण योगायोग नव्हे असं म्हणण्याइतका नाही. इटलीत टीएमटी घेऊन असाच प्रयोग झाला, त्याचंही तात्पर्य हेच.

याचं कारण पुढच्या उपचारांत आहे. तपासणीतून फायदा व्हायचा, तर काही सापडल्यावर असं काहीतरी करता आलं पाहिजे जे एरवी केलं नसतं, आणि त्याने माणूस वाचला पाहिजे. आपल्याकडे सापडल्यावर पुढे होते ती अँजिओग्राफी आणि बहुधा स्टेंट. पण स्थिर हृदयविकारात स्टेंट टाकल्याने, उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत, मृत्यू कमी होत नाहीत हे कोरेज, बारी-टूडी आणि २०२० सालच्या इस्केमिया या तिन्ही मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. बारी-टूडीमध्ये तर सगळे रुग्ण मधुमेहीच होते, २३६८ जण. लगेच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८८.३ टक्के जिवंत होते, औषधांवर ठेवलेल्यांपैकी ८७.८ टक्के. चालू अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, छातीत दुखणाऱ्याचं दुखणंही तो कमी करतो. ज्याला अटॅकही नाही आणि दुखतही नाही, त्याला त्यातून काय मिळणार?

उलट काही वेळा मनस्तापच मिळतो. माझ्याकडे एक शिक्षक येतात. तक्रार शून्य. वाढदिवसाला मुलांनी पॅकेज भेट दिलं, टीएमटी पॉझिटिव्ह, आठवड्याभरात स्टेंट. त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. चार महिन्यांनी हर्निया अडकतो की काय अशी वेळ आली, तेव्हा सर्जन म्हणाले गोळ्या थांबवल्याशिवाय ऑपरेशन नको आणि हृदयवाले म्हणाले गोळ्या इतक्यात थांबवू नका. ते सुखरूप निभावलं. पण ती ओढाताण ज्या स्टेंटमुळे झाली, त्याची त्यांना गरज होती की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

टीएमटीचं गणितही एकदा मांडून बघा. समजा तुमच्या वडिलांसारखे १०० जण घेतले आणि त्यांतल्या २० जणांना खरोखर मोठं ब्लॉकेज आहे असं धरलं. टीएमटी आजार असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश पकडते आणि नसलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांना बरोबर ‘नाही’ म्हणते. म्हणजे २० पैकी १३ सापडले, ७ निसटले. उरलेल्या ८० निरोग्यांपैकी २० जणांच्या रिपोर्टवर विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ आलं. पॉझिटिव्ह आलेल्या ३३ पैकी २० जण उगाच घाबरणार आणि निसटलेले सातजण ‘माझी टीएमटी नॉर्मल आहे’ म्हणून गोळ्यांकडे दुर्लक्ष करणार. मला जास्त काळजी वाटते ती या सातांची. शिवाय दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, तेव्हा गुडघे दुखणारी किंवा चालायची सवय नसलेली माणसं नाडी पुरेशी वाढायच्या आतच उतरतात, आणि रिपोर्ट येतो ‘निष्कर्ष काढता येत नाही’. मग पुढची तपासणी.

यावर माझे काही सहकारी आक्षेप घेतात आणि तो मला मान्य आहे. हे अभ्यास परदेशातले. तिथल्या रुग्णांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बऱ्यापैकी आटोक्यात होतं, म्हणूनच घटना इतक्या कमी घडल्या, डायडमध्ये तर वर्षाला एक टक्क्याहूनही कमी. आपल्या ओपीडीत तसं चित्र नसतं. खरं आहे. पण मग आपल्याकडची त्रुटी स्कॅनची आहे की गोळ्यांची? तुम्ही वडिलांच्या गोळ्यांची यादी दिली आहे. तिच्यात स्टॅटिन नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनच्या (मूत्रपिंडातून झिरपणाऱ्या प्रथिनाच्या) तपासणीचाही उल्लेख नाही. १२ वर्षं मधुमेह असलेल्या ६१ वर्षांच्या माणसाला सीटी अँजिओग्राफी सुचवली जाते आणि स्टॅटिन लिहून दिलेलं नसतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. चीड मात्र येते.

स्टॅटिनबद्दल पुरावा जुना आणि पक्का आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या कार्ड्स या अभ्यासात, हृदयविकार नसलेल्या २८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना अटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिलं. हृदयाच्या आणि मेंदूच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि फायदा इतका उघड होता की अभ्यास ठरल्या मुदतीच्या जवळजवळ दोन वर्षं आधी थांबवावा लागला. म्हणून ४० ते ७५ वयाच्या मधुमेहींना, कोलेस्टेरॉलचा आकडा फार वाईट नसला तरी, स्टॅटिन द्यावं असं मार्गदर्शन आहे. वडिलांसारख्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७०च्या खाली आणायचं, रक्तदाब १३०/८०च्या आत. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, क्वचित स्नायू दुखतात, हे खरं आहे आणि त्याची दखल घ्यायची असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून गोळी परस्पर बंद करायची नसते. अ‍ॅस्पिरिनची गोष्ट वेगळी. अटॅक न आलेल्या मधुमेहींत अ‍ॅस्पिरिनने जितक्या घटना टळतात, जवळजवळ तितकेच रक्तस्राव होतात, असं असेंड या १५ हजारांवर लोकांच्या अभ्यासात २०१८ साली दिसलं. ते मनाने सुरू करू नका.

आता ‘त्रास नाही’ या मुद्द्याकडे येते.

मधुमेहात हृदयाकडून वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा होते, म्हणून छातीत कळ येत नाही. पण त्याचा अर्थ काहीच होत नाही असा क्वचितच असतो. मी ‘छातीत दुखतं का?’ हा प्रश्न शेवटी विचारते. आधी विचारते, गेल्या वर्षी काय करत होतात जे आता करत नाही? गृहस्थ म्हणतात, काही नाही, सगळं झकास आहे. शेजारी बसलेल्या बाई म्हणतात, “अहो, मंडईतून पिशवी आता तुम्ही कुठे आणता? आणि देवळाच्या पायऱ्या अर्ध्यावर थांबून चढता ना?” यावर गृहस्थांचं उत्तर ठरलेलं: “ते वयामुळे. आणि मला गॅसेसचा त्रास आहे.” चढावर येणारा आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जाणारा गॅस हा गॅस नसतो. श्रमाने जबडा, खांदा किंवा पोटाचा वरचा भाग अवघडणं, जेवून चालायला लागल्यावर धाप लागणं, पूर्वी न येणारा थकवा, ही सगळी लक्षणं धरायची. आणि लक्षण आहे असं ठरलं की वर लिहिलेलं सगळं बाजूला. मग ती चाचपणी उरत नाही, ते आजाराचं निदान होतं. तिथे स्ट्रेस इमेजिंग, सीटी अँजिओग्राफी, हृदयरोगतज्ज्ञांची भेट, जे लागेल ते करायलाच हवं.

त्यानंतर हात लावून तपासणं. पायातले मोजे काढून दोन्ही पावलांच्या नाड्या बघायच्या. पायाची नाडी लागत नसेल तर हृदयाच्या वाहिन्याही स्वच्छ असण्याची शक्यता कमी. मग पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्यायचा, उभं करून पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा शांत बसलेलं असताना नाडी सतत शंभरावर असली, तर हृदयाच्या मज्जातंतूंवर परिणाम झाल्याची दाट शंका. डायडमध्ये स्कॅन बिघडलेलं निघण्याचा एक ठळक इशारा कोलेस्टेरॉलमध्ये नव्हे, तर अशाच मज्जातंतूंच्या चाचणीत मिळाला होता: श्वास कोंडून जोर लावताना नाडी हवी तशी बदलत नसणं. या सगळ्याला यंत्रापेक्षा वेळ लागतो, आणि पॅकेजमध्ये नेमका तोच नसतो.

वर्षातून एकदा साधा ईसीजी करायला माझी ना नाही. पूर्वीच्या अटॅकची खूण किंवा डाव्या बाजूचा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विद्युतसंदेशाच्या वाटेतला अडथळा) त्यात सापडला तर पुढे जायचं. लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३०च्या वर, पायाची नाडी नाही, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची किंवा मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी चालली आहे, मज्जातंतू बिघडल्याच्या खुणा आहेत, अशांच्या बाबतीत पुढची तपासणी लिहून देताना माझा हात सैल असतो. आणि जो माणूस वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून आहे आणि अचानक काहीतरी दांडगं करायला निघाला आहे, त्याच्याही. दर ज्येष्ठात कोणीतरी सांगायला येतं की यंदा वारीला पायी जायचं आहे. रोज पंधरा-वीस किलोमीटर आणि मध्ये दिवे घाट. जे रोज तासभर चालतात त्यांना मी पायाला काय घालायचं आणि ग्लिमेपिराइड किती कमी करायचं एवढंच सांगते. जे चालत नाहीत त्यांना आधी दोन महिने चालायला लावते. धाप लागली तर तिथेच कळतं, आणि कोणत्याही पट्ट्यापेक्षा लवकर.

कॅल्शियम स्कोअरबद्दल माझं मत टीएमटीइतकं वाईट नाही. इंजेक्शन लागत नाही, किरणोत्सर्ग थोडा, काम पाच-दहा मिनिटांचं. साठलेलं कॅल्शियम हा रक्तवाहिनीतल्या जुन्या जखमेचा व्रण समजा: आजार किती पसरलाय ते सांगतो, रस्ता किती अडलाय ते सांगत नाही. एखादा माणूस स्टॅटिन घ्यायला तयारच नसेल तर मी ही तपासणी सुचवते. आकडा ३५० आला की वाद संपतो. ४०० च्या वर असेल तर एलडीएल आणखी खाली आणते आणि लक्षणांची उलटतपासणी पुन्हा घेते. शून्य आला तर आनंद आहे, पण मधुमेहात शून्य आला म्हणून स्टॅटिन बंद करत नाही. सीटी अँजिओग्राफीचा मात्र त्रास नसताना आग्रह धरू नका. त्यात रंगद्रव्य टोचतात, मूत्रपिंड आधी तपासावं लागतं, आणि कॅल्शियम जास्त असेल तर चित्रात ब्लॉकेज आहे त्याहून मोठं दिसतं.

‘मुख्य वाहिनीतच मोठं ब्लॉकेज असेल तर?’ असं कोणी विचारलं तर ती शंका रास्त आहे. डाव्या मुख्य वाहिनीचा आजार, किंवा तिन्ही वाहिन्या खराब आणि पंप कमजोर, इथे बायपासने आयुष्य वाढतं. मधुमेहींना अशा वेळी स्टेंटपेक्षा बायपास सरस, हे २०१२ साली फ्रीडम अभ्यासात स्पष्ट झालं. इस्केमिया अभ्यासात डाव्या मुख्य वाहिनीचे रुग्ण घेतलेच नव्हते, त्यामुळे त्याचा दाखला इथे लावता येत नाही. डायडमध्येही स्कॅनचा दोष मोठा होता त्या ३३ जणांचा धोका बाकीच्यांच्या कितीतरी पट होता, वर्षाला २.४ टक्के. अशी माणसं असतात. पण ती शेकड्यात थोडी, आणि त्यांना गाठण्यासाठी बाकी सगळ्यांना अँजिओग्राफीच्या वाटेला लावण्यापेक्षा इतिहास, पायाची नाडी, ईसीजी आणि लघवी यांवरून निवडून तपासलेलं बरं.

एका गोष्टीची चाचपणी मात्र अलीकडे वाढली आहे आणि मला ती पटते. वाहिन्या ठीक असूनही मधुमेहात हृदयाचा स्नायू ताठर होतो आणि हार्ट फेल्युअर (हृदयाचा पंप कमी पडणं) हळूहळू येतं. त्यासाठी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी आहे, १२५च्या वर आली तर टूडी इको. इथे सापडल्यावर करण्यासारखं काही आहे: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ कमी करतात, आणि पेटंट संपल्यापासून त्या खूप स्वस्त झाल्या आहेत.

म्हणजे तुमच्या वडिलांसाठी: पॅकेजचे पैसे ठेवा. लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, ईसीजी आणि जमल्यास एनटी-प्रोबीएनपी कराडलाच होईल. रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: स्टॅटिन का नाही, आणि ग्लिमेपिराइडऐवजी किंवा त्याच्या जोडीला या नव्या गोळ्यांपैकी एखादी बसते का. तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती आधी बंद. जाताना आईंना सोबत न्या.

आणि शेजाऱ्यांसारखं व्हायला नको म्हणून घरात एक गोष्ट ठरवून ठेवा. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाला दरदरून घाम फुटला की सगळे म्हणतात साखर कमी झाली, आणि साखरपाणी देऊन निजवतात. आधी ग्लुकोमीटर लावा. साखर ७०च्या खाली असेल तर साखरपाणी द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. साखर १४० आहे आणि तरी घाम, धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटणं थांबत नाही, तर छातीत दुखण्याची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि ज्या रुग्णालयात चोवीस तास ईसीजी आणि अटॅकवर उपचार होतात तिथे न्या. ते कोणतं, हे आजच विचारून ठेवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत आणू नका. तो काही वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन) तपासतात, तेवढं होईपर्यंत तिथेच थांबा.